अंधारात घातलेली घडी

१

मिस्त्री मेले तेव्हा शहरातल्या फोटोवाल्यांना हळहळ वाटली, पण ती मिस्त्रींची कमी आणि त्यांच्या कपाटांची जास्त.

फोटो छापायची ती जुनी, कपाटाएवढी यंत्रं आता कुणी बनवत नाही आणि त्यांचे सुटे भागही कुणी बनवत नाही. एखादी लॅब बंद पडली की मिस्त्री तिचं यंत्र विकत घ्यायचे, घरी आणून उकलायचे आणि रोलर, दातेरी चाकं, पंप, कार्डं, लेझर असं सगळं मांडणीवर लावून ठेवायचे. एका मेलेल्या यंत्रावर ते चार जिवंत यंत्रं पोसायचे. म्हणून भेटायला आलेली माणसं मिस्त्रींच्या बायकोशी बोलत होती आणि बघत होती तिच्या डोक्यावरच्या फळीकडे. एकाने तर चपला घालता घालता विचारलंच, "माझ्या मॉडेलचा पंप आहे का हो? नाही, घाई नाही. पुढच्या आठवड्यात येतो."

विजेच्या धक्क्याने कुणी मेलं की वीज खात्याच्या निरीक्षकबाई येऊन पाहून जात. नोकरीत त्यांचे केस पिकले होते आणि जीभही चांगली मुरली होती. धक्क्याने मेलेला माणूस बहुधा स्वतःच्या चुकीने मरतो आणि उरलेले शेजाऱ्याच्या चुकीने, असं त्या म्हणत. लॅबमध्ये शिरताना हेही पहिल्या खात्यातलंच प्रकरण असणार, असं त्यांनी धरून ठेवलं होतं.

यंत्राची मागची बाजू एका अरुंद बोळात होती. तिथलं दार उघडून मिस्त्री ड्रायरच्या हीटरचं टोक आवळायला गेले आणि तिथेच कलंडले. खरं तर ते दार उघडलं की आतली वीज तुटायला हवी. चौकटीत त्यासाठी एक बटण असतं. दार लागलं की ते दाबलं जातं आणि उघडलं की सुटतं. बाईंनी बॅटरी मारून पाहिलं. बटण दार उघडं असूनही दाबलेलं होतं. खाचेत आतपर्यंत काहीतरी कोंबलेलं होतं. त्यांनी चिमट्याने ते ओढून काढलं. जाड, गुळगुळीत, पांढऱ्या कागदाची घडीवर घडी घातलेली पाचर होती ती, करंगळीएवढी.

"लिहून टाका मॅडम, अपघात," लॅबचे मालक म्हणाले. "मिस्त्री लोक पाचर मारतातच. दार उघडं ठेवून यंत्र चालवून बघायचं असतं त्यांना."

"मग स्वतः मारलेली पाचर स्वतःच विसरले?"

कोपऱ्यातून यंत्राचा ऑपरेटर पुढे आला. माणूस सडपातळ, नीटनेटका, नखं कापलेली. तो मिस्त्रींचा जावई होता.

"त्यांनी नाही मारली," तो अगदी हळू म्हणाला. "आदल्या दिवशी माझी बायको आली होती ड्रायर साफ करायला. तीच वडिलांच्या हाताखाली काम करते. मला बोलायचं नव्हतं, पण मॅडम, तुम्ही विचारताय म्हणून."

बाईंनी पाचर ऑफिसात नेली आणि खिडकीजवळच्या टेबलावर टाकून त्या घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी अपघाताचा शेरा मारायला पेन उघडलं आणि त्यांचा हात थांबला. काल पांढरी असलेली ती घडी आज निळसर करडी झाली होती.

२

मिस्त्रींच्या घरात बसायला जागा करावी लागली. खुर्चीवरचा गिअरचा डबा उचलून मिस्त्रींच्या धाकट्या भावाने बाईंना बसवलं. हा भंगारवाला. भावाने यंत्रातून जीव काढून घेतला की उरलेला सांगाडा ह्याच्याकडे जायचा, आणि सांगाड्यावर कुणाचं पोट भरत नाही ही त्याची जन्माची तक्रार होती.

"दादाचं आणि माझं पटत नव्हतं, खोटं कशाला बोलू," तो म्हणाला. "ही कपाटं मला दे म्हणून मी पायरी झिजवली. म्हणायचा, तू लेझर किलोवर विकशील."

"विकला असतात?"

"किलोवर नसता विकला. नगावर विकला असता."

"लॅबमध्ये शेवटचे कधी गेला होतात?"

"मला मालक आत घेत नाही. मागे एकदा गेलो तर ऑपरेटर अंगावर धावून आला. काय, तर डार्करूमचं दार उघडलं मी. कोऱ्या कागदाला उजेड लागला म्हणून हा जावई चुलतसासऱ्याची गचांडी धरतो, बोला. सबंध रोल काळा पडतो म्हणे."

बाईंचे कान टवकारले. "कोऱ्या कागदाला उजेड लागला तर काय होतं?"

"आधी निळा, मग राखाडी. आणि औषधात घातला तर कुट्ट काळा. मी तसले रोल रद्दीत घेतो ना. मला काय, मी भर उन्हात फाडतो."

म्हणजे पाचर फोटोच्या कोऱ्या, न धुतलेल्या कागदाची होती. पण मिस्त्री किंवा त्यांची लेक असला कागद का घेतील? बाईंनी मिस्त्रींची हत्यारांची पिशवी मागितली. आत लाकडाच्या दोन घासलेल्या पाचरी होत्या, दोन्हींना लाल दोरी बांधलेली.

"दोरी बाहेर लोंबते, म्हणजे विसर पडत नाही," भंगारवाला म्हणाला. "एक दादाची, एक पोरीची. दुसऱ्या कशाला हात लावलेला त्याला चालायचा नाही. तो मेन बंद करायचा नाही, औषधाच्या टाक्या थंड झाल्या की तापायला अर्धा दिवस जातो म्हणून. सगळी भिस्त त्या बटणावर. तेव्हा पाचरीच्या बाबतीत फार कडक होता."

आतापर्यंत मिस्त्रींची बायको भिंतीला टेकून बसली होती. तिने तोंड उघडलं.

"पोरीची पाचर पिशवीतच राहिली म्हणून तर कागद कोंबला तिने. जावयाने सांगितलंय मला सगळं."

"तुम्ही तिला विचारलंत?"

"कुणाला?"

"तुमच्या मुलीला."

"मला मुलगी नाही," मिस्त्रींची बायको म्हणाली. "होती. ती इथे आली त्या दिवशी मी दार लावून घेतलं, आणि मरेपर्यंत तिच्याशी बोलणार नाही. नवरा खाल्ला माझा तिने."

३

लेक लॅबमध्येच सापडली. यंत्रापाशी जमिनीवर बसून ती जुन्या दातेरी चाकांतून बरे दात असलेलं चाक शोधत होती. बाप गेला त्या यंत्रापाशी ती पुन्हा कशी बसू शकते, ह्याचा बाईंना आधी रागच आला. मग तिचा चेहरा पाहून तो राग त्यांनी गिळला.

"तू पाचर मारलीस?"

"हो."

"कशाची?"

"कागदाची. माझी पाचर सापडत नव्हती."

"कागद कुठून घेतलास?"

लेक चाक हातात धरून थांबली. "ते नाही आठवत. खरं सांगू का मॅडम, मला आधी वाटत होतं मी लाकडाचीच लावली आणि काढली. दोरी ओढल्याचं हाताला आठवतंय. पण ह्यांनी पाहिलंय मला. ह्यांनी समजावलं, धक्क्यात माणूस विसरतो. रोज रात्री जवळ घेऊन सांगतात, तू मुद्दाम नाही केलंस, चूक कुणाची होत नाही. ते नसते तर मी जीव दिला असता."

"आई काय म्हणते?"

"आई बोलत नाही." तिने चाक खाली ठेवलं. "लोकांनी काय म्हणायचं ते म्हणू दे. तुरुंगात घाला मला. फक्त आईने एकदा बोलायला हवं. शिवी दिली तरी चालेल."

बाईंना पाझर सहसा फुटत नसे. त्या उठल्या आणि ऑपरेटरला त्यांनी बोळात बोलावलं.

"तुम्ही पाहिलंत म्हणता, ते नीट सांगा. कागद तिने कुठून घेतला?"

"कचऱ्याच्या डब्यातून," तो लगेच म्हणाला. "मॅगझिन, म्हणजे कागदाची बंद पेटी, भरताना रोलचं टोक बाहेर राहतं, ते उजेडाने वाया जातं. ते कापून मी डब्यात टाकतो. त्यातला तुकडा उचलला आणि ह्या टेबलावर, माझ्यासमोर, ट्यूबलाइटखाली घडी घातली. मी म्हटलंसुद्धा, अगं दोरीची लाव."

"आणि तिने ऐकलं नाही."

"वडिलांवर गेलीय. हट्टी." त्याने यंत्राच्या पत्र्यावरून रुमाल फिरवला. "तिला काही करू नका मॅडम. तिला वाऱ्यावर सोडणार नाही मी."

मालक आपल्या खोलीत येरझाऱ्या घालत होते. मिस्त्रींशी त्यांचं आठवड्यापूर्वी कडाक्याचं भांडण झालं होतं, शेजारच्या दुकानापर्यंत आवाज गेला होता. कशावरून, असं बाईंनी सरळच विचारलं.

"ह्या यंत्रावरून. मिस्त्री म्हणाले, हे आता कापा. मी म्हटलं, माझा धंदा बुडवता का? मग त्यांनी हिशेबाने समजावलं, ह्याचा एक लेझर चांगला आहे, तो बाहेरगावची दोन यंत्रं जगवील. मी तुम्हाला नवं, शाईचं यंत्र बघून देतो. पटलं मला. भांडलो, पण पटलं. पुढच्या सोमवारी ते यंत्र उकलायला येणार होते."

"हे आणखी कुणाला माहीत होतं?"

"चहा घेऊन ऑपरेटरच आला होता आत. ऐकलं असेल. का?"

बाईंनी उलट विचारलं, "तुमची डार्करूम चालू आहे का? आणि औषधं?"

४

डार्करूम म्हणजे बोळाला लागून असलेली, खिडकी नसलेली खोली. आतून कडी. बाईंनी ऑपरेटरला जेवणाच्या सुट्टीत बाहेर पाठवलं, मालकांकडच्या दुसऱ्या किल्लीने खोली उघडली आणि मालक, बोलावून घेतलेला भंगारवाला आणि लेक अशा तिघांना आत घेऊन कडी घातली. तीन संशयितांबरोबर मिट्ट काळोखात उभं राहताना त्यांनाही जरा कसंसंच झालं, पण त्यांनी खाकरून ते झाकलं.

"आता मी पाचर उलगडते," त्या अंधारात म्हणाल्या. "ही त्याच दिवसापासून घडीतच आहे. डेव्हलपर कुठला?"

"तुमच्या डाव्या हाताला," लेकीचा आवाज आला. "आधी तो, मग उजवीकडचं. हलवत राहा."

औषधात कागद सळसळला. भंगारवाल्याचा श्वास तेवढा मोठ्याने ऐकू येत होता. बऱ्याच वेळाने लेक म्हणाली, "लावा दिवा."

ट्रेमध्ये हातभर लांब पट्टी तरंगत होती. दोन्ही टोकांना ती कुट्ट काळी होती. पुढे प्रत्येक घडीबरोबर काळा उतरत करडा झाला होता, आणि मधल्या गाभ्यातल्या घड्या चक्क पांढऱ्या होत्या.

"हा कागद कचऱ्यातला नाही," मालक म्हणाले. "कचऱ्यातल्याला आधीच सगळीकडून उजेड लागलेला असतो. तो सबंध काळा झाला असता."

"आणि ट्यूबलाइटखाली घडी घातली असती तर?"

"तरी सबंध काळा." मालक ट्रेवर वाकले. "हा अंधारात कापलाय. अंधारातच घडी घातलीय. उजेड लागला तो नंतर, बाहेरून."

लेक ट्रेकडे बघत राहिली. "काका तर उन्हात फाडतात," ती म्हणाली. "मालकांना मॅगझिन उघडता येत नाही. आणि मी..." तिची नजर दाराच्या कडीकडे गेली. "मी ह्या खोलीत कधी एकटी येत नाही. ही ह्यांची खोली आहे. मालकांची किल्ली सोडली तर दुसरी ह्यांच्याकडेच असते."

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला नाही. ठेवला असता तर ती तिथेच कोसळली असती, हे त्यांना दिसत होतं.

"नुसतं एवढ्यावर तो म्हणेल, बायकोने किल्ली चोरली," त्या म्हणाल्या. "आता मला आणखी एक कागद लागेल. कोरा. तसाच घडी घालून, थोडा वेळ उन्हात धरून द्या."

५

ऑपरेटर परतला तेव्हा सगळे काउंटरभोवती बसले होते. मधोमध टेबलावर निळसर करड्या कागदाची घडी होती.

"बरं झालं आलात," निरीक्षकबाई म्हणाल्या. "मालक म्हणतात, हा कागद कोरा आहे आणि औषधात घातला तर आतली परिस्थिती कळते. मला ह्यातलं काही समजत नाही. संध्याकाळी प्रयोगशाळेत पाठवते, ते काय ते सांगतील."

"बघू," ऑपरेटर म्हणाला. त्याने घडी उचलली. "ह्यात कळण्यासारखं काय असणार? कागद तर कागद." आणि बोलता बोलता, ट्यूबलाइटखाली, अगदी सहज, तो ती उलगडायला लागला. एक घडी, दुसरी, तिसरी.

कुणी त्याला अडवलं नाही. हळूहळू त्यालाच ती शांतता टोचली आणि त्याने मान वर केली.

"उलगडा की," बाई म्हणाल्या. "थांबलात कशाला? कोऱ्या कागदाला उजेड लागला म्हणून तुम्ही चुलतसासऱ्याची गचांडी धरता. आज भर दिव्याखाली स्वतःच्या हाताने कोरा कागद उघडताय, तोही पुराव्याचा. ती आमची बनवलेली घडी आहे. खरी धुवून झाली. आतून पांढरी निघाली."

ऑपरेटरने अर्धवट उलगडलेला कागद टेबलावर ठेवला. जमिनीवर पडू दिला नाही.

"लॅबमध्ये तुम्हाला कडी लावून एकटं राहता येतं ती खोली एकच," बाई पुढे म्हणाल्या. "टाकाऊ फोटो घ्यावा तर त्याच्या पाठीवर तारीख छापलेली असते. म्हणून कोरा कागद. आणि तो कापायचा तर दिवा लावून कापता आला असता. कुणी बघत नव्हतं. पण दिवा लावला असता तर रोल वाया गेला असता. माणूस मारायला निघालात आणि रोल काही वाया घालवला नाहीत. हाताची सवय हो, ती काय करणार? मग हीटरचं टोक सैल झालंय म्हणून सासऱ्यांना बोलावणं धाडलंत."

त्याने नाकारलं असतं तर लेकीला बरं वाटलं असतं. ती त्याच्याकडे बघत होती, खोटं बोल म्हणून विनवत असल्यासारखी. पण तो यंत्राकडे बघत होता.

"ते हे कापणार होते," तो म्हणाला. "माझी उमर गेली ह्याच्यावर. ह्याचा रंग माझ्याशिवाय कुणाला जुळत नाही. मिस्त्री गेला तर त्याची लेक आहे, तिला सगळं येतं. ह्याचा लेझर गेला तर कोण आहे? सांगा ना. कुठे मिळतो?"

"आणि मला का सांगितलंस मी मारलं म्हणून?" लेकीने विचारलं. अरे-तुरे ती पहिल्यांदाच करत होती, आणि ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

"तू सोडून गेली असतीस," तो शांतपणे म्हणाला. "वडील गेल्यावर तुला ह्याच्याजवळ बसवलं नसतं कुणी. आता बसतेस ना रोज? ज्याच्या मनाला खात असतं तो माणूस काम टाकून जात नाही."

म्हणजे त्याने बायकोसुद्धा मांडणीवरच लावून ठेवली होती, वेळेला उपयोगी पडणारा भाग म्हणून. रात्री जवळ घेऊन समजूत घालायचा, तेही तिला तेल देण्यासारखंच होतं. भंगारवाला एवढा निबर गडी, पण तोही उठून दारापाशी जाऊन उभा राहिला. पोलीस आले तेव्हा ऑपरेटरने मालकांना एकच गोष्ट बजावली, की टाक्यांचं पाणी कमी होऊ देऊ नका.

६

मिस्त्रींच्या घरी लेकीला एकटं पाठवायला बाईंचं मन होईना. हे काम वीज खात्याचं नव्हे, असं स्वतःला दोनदा बजावून त्या तिच्याबरोबर गेल्या. जिन्यात लेकीने केस सारखे केले, परीक्षेला जाणाऱ्या मुलीसारखे.

दार उघडलं. लेकीला पाहून आई लावून घ्यायला लागली, तेव्हा निरीक्षकबाईंनी फटीत पाय घातला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पाचर कुणी मारली, कुठे घडी घातली, का, आणि दोष हिच्यावर कसा लोटला. काही वगळलं नाही आणि काही मऊही केलं नाही.

"तुमच्या मुलीने काहीच केलं नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "तिने पाचर काढली होती. दोरी ओढल्याचं तिला आठवत होतं ते खरं होतं."

आईने सगळं ऐकून घेतलं. तिच्या मागे फळीवर लेझरचे डबे ओळीने लावलेले होते, आणि एका ओळीत खड्डा पडला होता. कुणीतरी भेटायला येऊन गेलं असावं. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिने लेकीच्या तोंडाकडे सरळ पाहिलं.

"त्याला ह्या घरात कोण घेऊन आलं होतं?" ती म्हणाली.

नवरा लेकीने स्वतः निवडला होता, बापाच्या गळी उतरवला होता, आणि हे तिघींपैकी दोघींना चांगलं ठाऊक होतं. तिसरीला त्या क्षणी कळलं.

आईने दार लावलं. जोरात नाही, रोज लावतात तसं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

निरीक्षकबाई खालच्या पायरीवर उतरून वाट पाहत उभ्या राहिल्या. लेक बंद दारासमोर थोडा वेळ थांबली आणि मग त्यांच्यामागे जिना उतरायला लागली.

"चला," ती म्हणाली. "बोलली तरी आई."